बरडीवरचं गवत: पहिल्या पावसात ढोरं सोडायची की थांबायचं?

बरडीकाठ (कळमेश्वर)

नागपूरच्या आसपास ज्यांच्याकडे चार-दोन ढोरं आणि थोडी बरड (हलकी, मुरमाड) पडीत आहे, त्यांच्यासाठी हा धागा. जून तोंडावर आला की सगळीकडे एकच विचारणा सुरू होते: नेपिअर गवताच्या कांड्या कुठे मिळतील, कुठल्या नव्या वाणाचं बियाणं चांगलं. मला आधी दुसरंच सांगायचं आहे. आपल्या बरडीवर चांगलं गवत अजून जिवंत आहे. मारवेल आहे, पवन्या आहे, शेडा आहे. ते वर येत नाही, कारण आपण दरवर्षी त्याच्या मुळावर उठतो. जून-जुलैत कोवळ्या कोंबांवर ढोरं सोडतो, आणि कापणी दिवाळीच्या पुढे ढकलून चाऱ्याचा कसही घालवतो.

उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो तेव्हा गवताचं वरचं सगळं वाळतं, पण बुडखा आणि मुळं जिवंत असतात. त्यांच्यात आदल्या पावसाळ्यात साठवलेलं अन्न असतं. मृगाच्या सरी आल्या की त्याच साठ्यातून कोंब निघतात, म्हणजे पहिली तीन-चार पानं उधारीवरची असतात. ती मोठी होऊन साठा परत भरायला लागणार, तेवढ्यात गाय ती खुडते. गवत उरल्यासुरल्या साठ्यातून पुन्हा फुटतं, पुन्हा खुडलं जातं. दोन-तीन पावसाळे असे गेले की मारवेलचा बुडखा मरतो आणि मोकळ्या जागेत तरोटा, रानतुळस, गाजर गवत शिरतं, कारण त्यांना ढोर तोंड लावत नाही. मग आपण म्हणतो, जमीनच खराब आहे, आता नवं बियाणं आणू.

वरून ओल्या मातीत खूर रुततात ते वेगळंच. बरडीवर माती मुळात वीतभरही नसते. गवताचा आधार गेला की ती पहिल्या जोरदार पावसात धुऊन जाते आणि खाली मुरूम उघडा पडतो.

तुमच्याकडे काय शिल्लक आहे ते आधी बघा. ऑगस्टमध्ये पडीतात उकिडवं बसून फूटभर जागा नीट न्याहाळा. मारवेलच्या काडीच्या प्रत्येक पेराला पांढऱ्या केसांचं बारीक कडं असतं, बोट फिरवलं तरी कळतं. कुसळीचं फूल निघालं की तिची काळपट कुसळं एकमेकांत पिळली जातात आणि धोतराला टोचतात. तिखाडी चोळली की तेलाचा वास येतो. मारवेल-पवन्याचे बुडखे दोन-तीन पावलांवर एक दिसत असतील तर नांगर घालू नका. तिथे फक्त विसावा द्यायचा आहे.

माझी पद्धत सांगतो. पहिला चांगला पाऊस झाल्यापासून चार ते सहा आठवडे पडीत बंद. गवत गुडघ्याच्या जवळ आलं की पडीताचे चार भाग करून आळीपाळीने चारायचं. मूठ उभी धरून अंगठा वर करा, तेवढी उंची शिल्लक असतानाच ढोरं पुढच्या भागात न्यायची. चरलेल्या भागाला परत महिनाभर हात लावायचा नाही. आणि एक भाग दरवर्षी पूर्ण राखायचा, तो फक्त कापणीसाठी. हा राखलेला भाग दरवर्षी बदलता ठेवा, म्हणजे चार वर्षांत सगळ्या पडीताला एकदा पूर्ण विसावा मिळतो.

कुहीकर

भाऊ, तुमचं सारं बरोबर हाय, पन हे सोताच्या वावरात चालते. आमच्या गावात गायरान हाय, सकाळी आखरावर सारी ढोरं जमतात अन् गायकी (गुराखी) घेऊन जाते. पाऊस पडला का सारेच म्हनतात, आता हिरवं झालं, सोडा. जूनमदी कोनाच्याच घरी कुटार (मळनीचा भुसा) उरत नाही. सोयाबीनचं कुटार मार्चपर्यंत पुरते, तुरीचं एप्रिल. मंग सहा आठवडे ढोराइले काय दावनीले बांधून उपाशी ठेवाव?

बरडीकाठ

कुहीकर भाऊ, सगळी गोम तिथेच आहे. जूनच्या विसाव्याची तयारी ऑक्टोबरात करावी लागते. हिशेब करून पाहा. ३०० किलोच्या गवळाऊ गायीला दिवसाला वजनाच्या अडीच टक्के धरले तर साडेसात किलो कोरडा चारा लागतो. मधल्या जूनपासून जुलैअखेरपर्यंत ४५ दिवस धरा, म्हणजे गायीमागे साधारण साडेतीन क्विंटल. त्यातला अर्धा कुटार आणि तणसातून (धानाच्या पेंढ्यातून) निघाला तर वाळलेलं गवत लागतं पावणेदोन क्विंटल. सांभाळलेल्या बरडीवर एकरी आठ-दहा क्विंटल वाळलेलं गवत मिळू शकतं. राखलेल्या एका एकरावर चार-पाच गायींचा हा काळ निभावतो. फक्त ती गंजी उन्हाळ्यात फोडायची नाही, असं घरात सगळ्यांचं एकदा ठरलं पाहिजे.

गायरानाबद्दल एवढंच म्हणेन की अख्खं गायरान बंद करायला कुणीही तयार होणार नाही, आणि होऊही नये. मधून नाला गेला असेल तर त्याच्या एका बाजूपासून सुरुवात करा. हद्द सगळ्यांना दिसली पाहिजे, म्हणजे भांडण कमी.

पशुवैद्य, सावनेर

ढोरांच्या अंगाने चार गोष्टी जोडतो. नोकरीची सगळी वर्षं याच जिल्ह्यात गेली.

पहिल्या पावसाचं गवत दिसायला हिरवंगार असलं तरी त्यात पाणीच फार असतं. उन्हाळाभर काडी खाल्लेल्या ढोराला एकदम ते मिळालं की शेण पातळ होतं, पोट फुगतं, आणि गाय दिवसभर चरूनही पोटात कोरडा चारा जातो थोडाच. म्हणून पडीत बंद ठेवण्यात ढोराचं नुकसान होत नाही. सोडायचं तेव्हाही सुरुवातीचे आठ-दहा दिवस सकाळी कुटार किंवा तणस खाऊ घालून मगच सोडा.

शेळ्या-मेंढ्यांना याच दिवसांत आंत्रविषार (आतड्यात विष तयार होणारा रोग) होतो. धडधाकट, खाऊनपिऊन गलेलठ्ठ असलेलं कोकरूच आधी जातं, त्यामुळे लोकांना विष घातल्याचा संशय येतो. पावसाच्या आधी लस टोचून घ्या. गायी-बैलांना घटसर्प आणि फऱ्याची लसही मे ते जूनच्या सुरुवातीलाच. पाऊस लागल्यावर धावपळ करून उपयोग नसतो, लसीचा परिणाम यायला दोन-तीन आठवडे जातात.

ज्वारीचे पोंगे आणि कापणीनंतरचे फुटवे यांच्यापासून ढोरं लांब ठेवा. पावसाने ताण दिला की त्यांत विष वाढतं. ढोर धापा टाकत, थरथरत काही मिनिटांत पडतं. त्यावर इंजेक्शन आहे, पण डॉक्टर वेळेत पोचला तरच. ज्वारी फुलोऱ्यावर आल्यावर किंवा नीट वाळवून दिली तर भीती नाही.

रायमुनियाची (घाणेरीची) झुडपं गायरानात पसरली असतील तर तीही काढा. चारा टंचाईत ढोरं तिचा पाला खातात, मग काविळीसारखं होतं आणि उन्हाने अंगाची कातडी सोलून निघते. पांढऱ्या गवळाऊला तो त्रास जास्त दिसतो.

दूधवाला, हिंगणा

माझं मत थोडं वेगळं आहे. मी शहरात दूध घालतो. संकरित गायी आहेत. वाळलेल्या गवतावर दहा लिटर दूध निघत नाही. विहिरीला पाणी आहे, अर्ध्या एकरात संकरित नेपिअर आहे, दीड-दोन महिन्यांनी एकेक कापणी मिळते. सोबत बांधावर दशरथ घास आणि शेवरी. बरडीच्या गवतामागे लागून दूधधंदा उभा राहणार नाही.

बरडीकाठ

दादा, तुमच्या ठिकाणी तुमचं बरोबर आहे आणि मी त्याला विरोध करत नाही. विहीर असेल, दूध विकायचं असेल तर नेपिअर लावाच. पण आपल्या तालुक्यांत बहुतेकांकडे दोन गायी, एक बैलजोडी, चार शेळ्या आणि पाणी नसलेली बरड असते. त्यांना कांड्या दिल्या जातात, त्या एप्रिलमध्ये वाळून जातात आणि नांगरून टाकलेला मारवेलही हातचा जातो. हे मी आमच्या शिवारात पाहतो आहे. जिथे ओलित नाही तिथे पावसावर जगणारं गवतच कामाचं.

बांधीवाली, मौदा

आमच्याकडे धान, त्यामुळे घरी तणस भरपूर. पण ढोरं नुसतं तणस मन लावून खात नाहीत. युरियाची प्रक्रिया करतात म्हणे, ती घरी जमते का? भीती वाटते.

पशुवैद्य, सावनेर

ताई, जमते, फक्त प्रमाण डोळ्यांत तेल घालून पाळा. १०० किलो तणसाला ४ किलो युरिया, ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून. तणसाचा थर द्यायचा, वर द्रावण सारखं शिंपायचं, पायाने दाबायचं, पुन्हा थर. शेवटी प्लास्टिकने हवाबंद झाकून २१ दिवस हात लावायचा नाही. उघडल्यावर नाकात झिणझिण्या आणणारा वास येतो. रोजचं तेवढं काढून तासभर मोकळ्या हवेत पसरायचं, वास उडाला की द्यायचं. पहिल्या दिवशी थोडं, मग आठवडाभरात वाढवत न्या. सहा महिन्यांच्या आतल्या वासरांना अजिबात नको. आणि द्रावणाची बादली ढोरांच्या आवाक्यात कधीच ठेवू नका. तहानेलं ढोर ते पिऊन मरतं. अपघात चाऱ्याने क्वचित होतो, बादलीनेच होतो.

निस्तार (नागपूर)

गायरानाचा विषय निघाला म्हणून कायद्याची बाजू मांडतो, कारण यात गावं अडकतात.

आधी सातबाऱ्यावर जमीन काय लागली आहे ते बघा. गायरान वेगळं आणि झुडपी जंगल वेगळं. आपल्या पूर्व विदर्भाच्या सहा जिल्ह्यांत, म्हणजे नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत, झुडपी जंगल म्हणून नोंदलेली साधारण ८६ हजार हेक्टर जमीन आहे. सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ च्या निकालात ही जमीन वनजमीनच असल्याचं स्पष्ट केलं. तिथे गावाने उत्साहाने चर खोदले, नांगर घातला, तारेचं कुंपण केलं तर गुन्हा अंगावर येऊ शकतो. आधी वनविभागाशी बोला.

गायरानाचं मात्र गावाच्या हातात बरंच आहे. विदर्भातल्या गावांसाठी जमीन महसूल संहितेच्या कलम १६१ प्रमाणे निस्तार पत्रक असतं. गावची ढोरं कुठे आणि कोणत्या अटींवर चरतील ते त्यात लिहिलेलं असतं. खूप गावांत त्याची नक्कल कुणी पाहिलेलीच नसते. तहसीलमध्ये अर्ज करून ती काढा. सर्वोच्च न्यायालयाचा जगपाल सिंग प्रकरणातला जानेवारी २०११ चा निकाल आणि त्यानंतरचा राज्याचा १२ जुलै २०११ चा शासन निर्णय, दोन्ही गायरानावरच्या अतिक्रमणाविरुद्ध आहेत. पण कागद हातात असून गायरान ओसाड असेल तर ते मागायला दहा जण येतात. गवताने भरलेलं, राखण असलेलं गायरान कुणी सहज मागत नाही. म्हणून बरडीकाठ म्हणतात ते चाऱ्यापुरतं नाही, जमीन गावाकडे राहण्यासाठीही ते लागतं.

बरडीकाठ

निस्तार, मनापासून आभार. आता कापणीबद्दल लिहितो, कारण जास्तीत जास्त नुकसान तिथेच होतं.

आपल्याकडे गवत दिवाळीनंतर कापतात. तोपर्यंत ते पिवळं पडलेलं असतं, बी गळून गेलेलं असतं, काडी लाकडासारखी. फुलोऱ्यावर असताना ज्या गवतात ६-७ टक्के प्रथिनं असतात, त्यातच पिकल्यावर जेमतेम ३ टक्के उरतात. डॉक्टरसाहेब सांगतील, पण ७ टक्क्यांच्या फार खाली गेलं की पोटातले चारा पचवणारे जंतूच उपाशी राहतात. ढोर पोट भरून खातं आणि तरी खंगतं. जानेवारीत बरगड्या दिसायला लागतात त्या यामुळेच.

म्हणजे कापायचं फुलोऱ्यात, सप्टेंबरच्या शेवटी ते ऑक्टोबरच्या सुरुवातीला. आणि नेमका तेव्हा परतीचा पाऊस असतो. मजूर सोयाबीनवर गेलेले असतात, मागाहून कापूस येतो. गवताला हात कुणाचाच रिकामा नसतो. यावर माझ्याकडे एकच तोड आहे: सगळं एकदम कापायचं नाही. उघडीप दिसली की दोन दिवसांत वाळवून उचलता येईल एवढंच पाडायचं. विळ्याने होईल तेवढं विळ्याने, नाहीतर भाड्याचा ब्रश कटर. खुंट मूठभर उंच ठेवा, पुढच्या वर्षीचा कोंब त्यातून येतो.

कापलेलं गवत सकाळी जमिनीवर पातळ पसरायचं, दुपारी एकदा उलटायचं. संध्याकाळी दवाच्या आधी लहान ढीग करायचे, सकाळी दव उडालं की पुन्हा पसरायचे. ऑक्टोबरचं ऊन चांगलं असेल तर दोन दिवसांत काम होतं. रंग हिरवट राहिला पाहिजे. पिवळं होईपर्यंत उन्हात ठेवलं तर पानं चुरा होऊन शेतातच पडतात, आणि कस पानांतच असतो.

वाळलं की नाही ते कळायला एक सोपी युक्ती. मूठभर गवत कातरून कोरड्या काचेच्या बरणीत टाका, चमचाभर कोरडं मीठ घाला, झाकण लावून खूप हलवा. मीठ सुटं राहिलं तर गंजी रचा. मिठाचे खडे झाले तर अजून एक ऊन द्या. ओलं गवत रचलं की गंजी आतून तापते. बुरशी तर येतेच, आणि उष्णता वाढत गेली की गंजी आपोआप पेटते. रचल्यावर पंधरा दिवस अधूनमधून लोखंडी सळई आत खुपसून ठेवा, काढून हाताला लावा. चटका बसत असेल तर गंजी मोडून पसरा. गंजी दगड-लाकडाच्या माचावर रचा म्हणजे खालून ओल आणि उधई लागत नाही, आणि माथा उतरता ठेवा. घरापासून आणि विजेच्या तारांपासून लांब.

कुहीकर

मीठवाली गोष्ट पह्यल्यांदा आयकली, करून पाहतो.

माह्याकडून एक. धुऱ्याचं (बांधाचं) गवत लोकाइनं मारून टाकलं. माह्या बाच्या टायमाले एकेका धुऱ्यावर बैलजोडीचा महिनाभराचा चारा निंघे, साऱ्या धुऱ्याइवर मारवेल अन् पवन्या. आता पराटीत (कपाशीत) तननाशक मारतात अन् उरलं का धुऱ्यावर मारून टाकतात. धुरा उघडा पडला, पावसानं फुटला, माती नाल्यात गेली. मंग चारा इकत आना.

पशुवैद्य, सावनेर

कुहीकर लाखमोलाचं बोललात. आणि तणनाशक मारलेल्या धुऱ्यावर ढोरं चारू नका. डब्याच्या चिठ्ठीवर किती दिवस चारू नये ते लिहिलेलं असतं, ते कुणाकडून तरी वाचून घ्या.

दूधवाला, हिंगणा

धुऱ्याचं पटलं. आमचा ओलिताखालचा धुराही उघडाच आहे. मारवेलची ठोंबं मिळतील का कुठे? बियाण्याचा अनुभव चांगला नाही, एका दुकानातून आणलेलं उगवलंच नाही.

बरडीकाठ

दादा, ठोंबं तुमच्याच शिवारात मिळतील. जुन्या पांदणीच्या कडेला, मंदिराच्या आवारात, जिथे ढोरं पोचत नाहीत तिथे बघा. जुलैत पाऊस धरला की मुळासकट ठोंब काढायचा, चार-पाच फुटवे ठेवून वाटायचा आणि दीड-दोन फुटांवर लावायचा. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने मारवेलचा फुले मारवेल-०६-४० हा वाण काढला आहे, तोही ठोंबांनीच लावतात. पहिल्या पावसाळ्यात त्यावर काही चारू नका.

उमरेडकर

आमचं गाव करांडल्याच्या अभयारण्याच्या बाजूला. वाघामुळे जंगलाकडे ढोरं न्यायला गायकी तयार नसतो, त्यामुळे सगळा भार गावाजवळच्या पडीतावर पडतो आणि ते पार झिजलं आहे. मारवेलचे बुडखे फारसे उरले नाहीत. तिथे स्टायलो या चारापिकाचं बी टाकावं का?

बरडीकाठ

टाका. तुमच्यासारख्या झिजलेल्या मुरमाड जागेवर स्टायलो हमाटा चांगलं बसतं. शेंगवर्गीय असल्यामुळे जमिनीला नत्र देतं आणि चाऱ्यात प्रथिनं वाढवतं. बियाण्याचं कवच कडक असतं. उकळून थोडं निवलेल्या, साधारण ८० अंशाच्या पाण्यात चार-पाच मिनिटं बी बुडवून काढा आणि सावलीत वाळवा, नाहीतर निम्मं उगवतच नाही. नांगरायची गरज नाही. उताराला आडव्या हलक्या ओळी ओरखडा, बारीक मातीत मिसळून बी टाका, वर माती ओढू नका. तरोटा आहे तिथे आधी तो उपटा. कोवळा असताना भाजीला न्या, उरलेला शेंगा धरायच्या आत काढलाच पाहिजे. स्टायलोलाही पहिल्या वर्षी बी गळेपर्यंत चराई नको. आणि फेब्रुवारीच्या आत पडीताच्या कडेने जाळरेषा (आग अडवणारा मोकळा पट्टा) काढून ठेवा. मोहफुलं वेचायच्या दिवसांत आग कडेनेच आत येते, आणि एका वणव्यात कोवळी रोपं आणि बी दोन्ही जातात.

कुहीकर

काल आखरावर बोललो. नाल्यापल्याडचा तुकडा सहा आठवडे बंद ठेवाले निम्मे लोक हो म्हनले. बाकीचे म्हनतात, राखनदाराचे पैसे कोन देईन?

निस्तार (नागपूर)

ढोरामागे ठरावीक रक्कम किंवा धान्य काढा, जशी गायकीला देता तशीच. शक्य तर राखण गायकीलाच द्या, कारण बंदी मोडली जाणार ती त्याच्याच हातून आणि पाळली जाणार तीही त्याच्याच हातून. ज्यांच्याकडे ढोरं नाहीत त्यांना ऑक्टोबरात तिथलं गवत कापून विकण्यात वाटा ठेवा, नाहीतर त्यांनी राखण का मानावी? आणि हे सगळं पाऊस पडायच्या आत ग्रामसभेच्या ठरावात लिहून घ्या. हद्द, तारखा, दंड, राखणदाराचा मोबदला, चारही गोष्टी. दंडाची रक्कम छोटी ठेवा, म्हणजे ती खरंच वसूल होईल.